खापरांवरच्या रेघा वाचणारा संगणक

उत्खननात सोनंनाणं क्वचितच सापडतं, खापरं मात्र ढिगांनी निघतात. भाजलेली माती कुजत नाही, गंजत नाही. शिवाय भांड्यांवरची नक्षी पिढ्यांगणिक बदलत जाते, त्यामुळे खापराचा प्रकार ओळखला की वस्तीचा काळ हाती लागतो.

अमेरिकेत ॲरिझोनाच्या ईशान्य भागात ‘टुसायान व्हाइट वेअर’ नावाची, पांढऱ्यावर काळी नक्षी असलेली भांडी साधारण इ. स. ८२५ ते १३०० या काळात घडवली जात. त्यातल्या ‘सोसी’ प्रकारात जाड, भरीव आकार दिसतात; ‘डोगोशी’त पट्टे समांतर बारीक रेघांनी भरलेले असतात; ‘ब्लॅक मेसा’त आकारांच्या कडेला ठिपके येतात. अख्ख्या भांड्यावर हे ओळखणं सोपं. पण हातात दोन बोटांएवढा तुकडा आला आणि ठिपके नेमके फुटलेल्या भागात गेले, तर? मग एकाच खापराला दोन मुरलेले जाणकार दोन वेगळी नावं देतात.

नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठातल्या लेशेक पावलोविच आणि क्रिस्टियन डाउनम यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग इथूनच सुरू होतो. हजारो खापरांची छायाचित्रं चार तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे वर्गवार लावली आणि त्यावर कन्व्होल्यूशनल न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणं पाहून चित्रं ओळखायला शिकणारं थराथरांचं संगणकी जाळं, शिकवलं. अशा जाळ्याचे सुरुवातीचे थर फक्त कडा आणि उजेड-अंधारातले फरक टिपतात. पुढचे थर त्यांतून रेघा, त्रिकोण, नक्षीची वीण ओळखू लागतात. हे जाळं आधी लाखो साध्यासुध्या फोटोंवर तयार झालेलं होतं, त्यामुळे खापरं तुलनेनं कमी असूनही भागलं. अचूकतेत ते चारपैकी दोन तज्ज्ञांच्या बरोबरीनं उतरलं, उरलेल्या दोघांच्या पुढे गेलं.

मला त्याहून मोलाचं वाटतं ते वेगळंच. नक्षीच्या कोणत्या भागावरून निर्णय झाला, तो भाग रंगानं उजळवून दाखवता येतो. तज्ज्ञ बरेचदा ‘बघितल्यावर कळतं’ एवढंच सांगू शकतो. इथे बोट ठेवायला जागा मिळते, वाद घालता येतो.

अर्थात, प्रकारांची चौकट माणसांनीच आखलेली. जो प्रकार शिकवलाच नाही, त्याचं खापर समोर आलं तरी हे जाळं त्याला ओळखीच्याच एखाद्या खणात टाकणार. म्हणून त्याची दुसरी करामत जास्त उपयोगी पडेल: एक तुकडा दाखवला की हजारो छायाचित्रांतून त्याच्याशी सर्वांत जुळणारी नक्षी ते शोधून देतं.