सात कोटींसमोर खेळ सोडणारा भित्रा नसतो

'कौन बनेगा करोडपती'मध्ये एखादा स्पर्धक एक कोटी जिंकतो, समोर सात कोटींचा प्रश्न येतो आणि तो 'क्विट' म्हणतो. लगेच घराघरांत हळहळ सुरू होते : "एवढं वर आला होता, ठोकून द्यायचं ना एखादं उत्तर!" हा शेरा मी इतक्या वेळा ऐकलाय, की त्यामागचं गणित एकदा मांडावंसं वाटलं.

शाळेतल्या संभाव्यतेने पाहिलं तर हळहळणाऱ्यांची बाजू खरी वाटते. काहीच माहीत नसेल तर चारांपैकी एक पर्याय बरोबर येण्याची शक्यता २५ टक्के. चुकलं तर (२०२१ पर्यंतच्या नियमाने) घसरण थेट ३ लाख २० हजारांवर. सात कोटींचा चौथा हिस्सा १.७५ कोटी, त्यात ३.२ लाखांचा पाऊण हिस्सा मिळवला की सरासरी येते सुमारे १.७७ कोटी. हातातल्या एक कोटीपेक्षा कितीतरी जास्त! या हिशेबाने १४ टक्के खात्रीसुद्धा पुरेशी ठरते.

पण सरासरी खरी होते ती तोच डाव शेकडो वेळा खेळणाऱ्यासाठी. स्पर्धकासमोर हा प्रश्न आयुष्यात एकदाच येतो.

ही अडचण डॅनिएल बर्नुली या गणितज्ञाने १७३८ मध्ये सोडवली. त्याचं म्हणणं असं : पैशातून मिळणारं समाधान रकमेवर नाही, तर ती रक्कम आधीच्या पुंजीच्या किती पट आहे त्यावर ठरतं. दहा हजारांचे वीस हजार झाले की जेवढं समाधान वाढतं, तेवढंच पन्नास लाखांचे एक कोटी झाल्यावर वाढतं.

आता बक्षिसांची शिडी बघा. दहा हजार, वीस, चाळीस, ऐंशी, १.६ लाख, ३.२ लाख, ६.४ लाख, १२.५ लाख, २५ लाख, ५० लाख, एक कोटी. जवळपास प्रत्येक पायरी आधीच्या दुप्पट! म्हणजे बर्नुलीच्या मापाने सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या. मला या खेळातली ही सर्वांत देखणी गोष्ट वाटते, कारण आता अवघड गणित न करता नुसत्या पायऱ्या मोजल्या तरी चालतं. ५० लाखांवर उभ्या असलेल्याला बरोबर उत्तर एक पायरी वर नेतं, चुकीचं उत्तर चार पायऱ्या खाली आणतं. चढण्याची शक्यता घसरण्याच्या शक्यतेच्या निदान चौपट हवी, म्हणजे ८० टक्के खात्री हवी. साध्या सरासरीने इथे ४८ टक्केच पुरले असते. फिफ्टी-फिफ्टी वापरून दोन पर्याय उरले तरी निव्वळ अंदाजाने खेळू नये, ते यामुळेच. 'आतला आवाज' किंवा शुभ अंक यांनी हे ५० टक्के ५१ होत नाहीत.

सात कोटींचं काय? २००० मध्ये कार्यक्रम सुरू झाला तेव्हा शिखर एक कोटीचं होतं, २००५ मध्ये दोन कोटी झालं, २०१० मध्ये एक कोटीच्या वर पाच कोटींचा जॅकपॉट आला आणि २०१३ मध्ये तो सात कोटींचा झाला. सातपट म्हणजे २.८१ पायऱ्या (सातचा लॉगॅरिथम, पाया दोन; म्हणजे दोनचा २.८१ वा घात केला की सात येतात). खाली मात्र ४.९७ पायऱ्या. ४.९७ भागिले एकूण ७.७८, म्हणजे जवळजवळ ६४ टक्के खात्री हवी. कुठे १४ आणि कुठे ६४!

हे गणित गाठीला फारसं काही नसलेल्या माणसाचं आहे. घरात आधीच पाच कोटी असतील तर ते प्रत्येक रकमेत मिळवायचे : सहा कोटी हातात, चुकलं तर ५.०३ कोटी, जिंकलं तर बारा. मग २० टक्के खात्री पुरते, म्हणजे डोळे मिटून उत्तर दिलं तरी ते शहाणपणाचंच. २०१९ मध्ये शाळेत खिचडी शिजवणाऱ्या अमरावती जिल्ह्यातल्या बबिता ताडे यांनी एक कोटी जिंकून सात कोटींच्या प्रश्नावर खेळ सोडला. महिना दीड हजार रुपयांवर काम करणाऱ्या बाईंचा तो निर्णय बर्नुलीच्या हिशेबाला अगदी धरून होता.

२०२२ च्या पर्वात नियम बदलला. शिखर साडेसात कोटींचं झालं आणि ७५ लाखांचा नवा पडाव आला : शेवटचं उत्तर चुकलं तरी ७५ लाख घरी न्यायचे. एक कोटीवरून ७५ लाख ही घसरण अर्ध्या पायरीचीही नाही, चढण मात्र २.९१ पायऱ्यांची. आवश्यक खात्री ६४ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आली, म्हणजे चारांतून एक पर्याय आंधळेपणाने निवडण्याच्या निम्मी! त्या पर्वात एका स्पर्धकाने साडेसात कोटींच्या प्रश्नाला उत्तर दिलं, ते चुकलं आणि तो ७५ लाख घेऊन परतला. उत्तर चुकलं, निर्णय चुकला नव्हता.