जोडीदाराच्या नावाने स्मृतिनिधी : पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

ही गेल्यावर तिच्या पाटल्या मोडून गरजू मुलींच्या शिक्षणासाठी निधी करायचं ठरवलं. हात अडखळला. पण वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाई भाऊराव पाटलांनी मंगळसूत्रही मोडलं, त्या साताऱ्यात आपण राहतो.

आधी पैसा कुणाचा ते बघा. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्यानुसार पत्नीच्या पैशावर आणि दागिन्यांवर पतीइतकाच मुलांचाही हक्क असतो. बँकेत नॉमिनी तुम्ही असलात तरी मालक एकटे तुम्ही होत नाही. मुलामुलींची संमती लेखीच घ्या. घरात कितीही गोडी असली तरी.

रक्कम लहान असेल तर ट्रस्टच्या भानगडीत पडू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन लाखांवर सात टक्क्यांनी वर्षाला १४,००० रुपये येतात. त्यातून ऑडिटची फी द्यायची की मुलींच्या वह्या घ्यायच्या? तिच्या शाळेकडे कायम ठेव द्या. मुद्दलाला हात लावायचा नाही आणि व्याज कशावर खर्चायचं, हे पत्रात लिहून घ्या.

रक्कम मोठी असेल आणि ट्रस्ट, म्हणजे न्यास, करायचा असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली त्याची नोंदणी लागते. शिक्षण, वैद्यकीय मदत, गरिबांना साहाय्य असे उद्देश चालतात. लाभ फक्त आपल्या भावकीला मिळणार असेल तर तो सार्वजनिक न्यास नव्हे. न्यासपत्र (न्यासाचे उद्देश आणि नियम लिहिलेला दस्त) झाल्यापासून तीन महिन्यांत, कलम १८ प्रमाणे, जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात अर्ज करायचा. सोबत न्यासपत्राची प्रत, विश्वस्तांची संमतीपत्रं, ओळखीचे आणि पत्त्याचे पुरावे, कार्यालयाच्या जागामालकाचं ना हरकत पत्र, मालमत्तेचा तपशील आणि प्रतिज्ञापत्र ठेवा. मृत्यूचा दाखलाही फाईलमध्ये असू द्या. वारसाच्या कामांना तो लागतोच.

न्यासपत्र घाईत लिहू नका. आपल्यानंतर विश्वस्त कोण, कसा नेमायचा, हे त्यात नसेल तर पुढे वाद होतात. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. न्यासाची जमीन किंवा घर विकायचं तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी हवी.

नोंदणीनंतर न्यासाच्या नावाचं पॅन आणि बँक खातं काढा. देणगीदारांना करसवलत हवी असेल तर आयकर खात्याकडे वेगळा अर्ज करावा लागतो. तो मंजूर होईपर्यंत पावतीवर सवलतीचा उल्लेख करू नका.