सोन्यावरचा क्रॉस ख्रिस्ताच्या आधीचा

आयर्लंडमध्ये सापडलेल्या सोन्याच्या पातळ चकत्यांवर क्रॉस दिसतो. मग कोणी त्याला ख्रिस्ती खूण ठरवतं, कोणी ‘केल्टिक ऊर्जाचिन्ह’ (म्हणजे प्राचीन केल्ट लोकांचं) म्हणून लॉकेटं विकतं. दोन्ही निराधार. या चकत्या इ.स.पू. 2400 ते 2000च्या सुमाराच्या. केल्टिक नक्षी त्यानंतर दीड हजार वर्षांनी आली. क्रॉस म्हणजे चार आऱ्यांचं चाक म्हणावं, तर आऱ्यांची चाकं तेव्हा पश्चिम युरोपात नव्हतीच. सूर्य हा अर्थ त्यातल्या त्यात पटतो: गोल आकार आणि भोवती वर्तुळं. मधोमधची दोन भोकं कापडावर टाचण्यासाठी.

त्याच काळातले चंद्रकोरीसारखे गळ्यातले पत्रे म्हणजे ल्युन्युला. शंभराहून अधिक सापडले, त्यांतले 80हून जास्त आयर्लंडचे. त्यांच्या नक्षीचा अर्थ लावण्याआधी ती घडते कशी ते पाहायला हवं.

सोन्याची कांडी ठोकून पत्रा करतात. ठोकताना स्फटिकांतले अणूंचे थर सरकतात, त्यांतले दोष एकमेकांत अडकतात आणि सोनं कडक होतं. तसंच ठोकत राहिलं तर कडेला चीर पडते. म्हणून मधूनमधून तापवायचं. नवे, ताणमुक्त स्फटिक तयार होतात आणि पत्रा पुन्हा नरम होतो. पण तो मिलिमीटरच्या काही दशांशांवर आला की जराशा जास्त आचेनेही कड वितळते. मग बोथट टोकाच्या हत्याराने रेघ दाबायची. सोनं खरवडून निघत नाही, बाजूला सरकतं, आणि रेघ मागून उठून दिसते. टोक धारदार असेल तर पत्रा फाटतो. खालचा आधार टणक असेल तर रेघ उथळ राहते, फार मऊ असेल तर आजूबाजूचं सोनंही खचतं.

अशा कामात आखूड सरळ रेघा सर्वांत सोप्या. ल्युन्युलांवर त्रिकोण, झिगझॅग आणि तिरप्या रेघांनी भरलेल्या चौकटीच दिसतात ते काही अंशी यामुळे. पण हीच नक्षी तेव्हाच्या ‘बीकर’ नावाच्या, उलट्या घंटेसारख्या मडक्यांवरही आहे, म्हणजे सगळं श्रेय हत्याराला देता येत नाही. उलट इ.स.पू. 3200च्या सुमाराच्या आयर्लंडमधल्या न्यूग्रेंज या दगडी थडग्यावरची प्रसिद्ध सर्पिलं सोन्यावर उतरली नाहीत. जुन्या थडग्यांचा ‘गुप्त संदेश’ या दागिन्यांत शोधणाऱ्यांनी एवढं तरी पाहावं.

अर्थाचा खरा धागा मला नक्षीच्या जागेत दिसतो. ती दाटते निमुळत्या टोकांवर, म्हणजे गळ्याच्या दोन्ही बाजूंना. छातीवरचा रुंद भाग कडेच्या रेघा सोडल्या तर कोरा, उजेड परतवणारा. शिवाय ल्युन्युला थडग्यांत सहसा सापडत नाहीत, काही तर गुंडाळून पुरलेल्या आहेत. तेव्हा त्या एका माणसाच्या मालकीच्या नसून समूहाच्या असाव्यात, विधीच्या वेळी कोणीतरी घालण्याच्या.