कोरल दत्तक घेतलं म्हणजे नक्की काय घेतलं?

अमेरिकेतल्या आत्याने भाचीला वाढदिवसाला कोरल, म्हणजे समुद्रातलं प्रवाळ, दत्तक घेऊन दिलं, ईमेलवर तिच्या नावाचं सर्टिफिकेट आलं आणि इकडे बडोद्यात दांडिया बाजारातल्या आजींचा पहिला प्रश्न, अगं पण ते ठेवायचं कुठे? तर कुठेच नाही, ते समुद्रातच राहतं, आणि बहुतेक वेळा 'हे बघ तुझं' म्हणून दाखवता येईल असं ठरावीक कोरलही नसतं. दत्तक नावापुरतं, खरं तर ती साधी देणगी. घरी आणायचं तर नावच काढू नका, रीफ (समुद्रातले प्रवाळाचे खडक) बांधणारी कोरल २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे वाघाच्याच यादीत, द्वारकेहून तुकडा उचलून आणला तरी गुन्हा. (अंगठीतलं लाल पोवळं वेगळ्या जातीचं, ते असू द्या.)

मग पैसे जातात कुठे? कोरल हा प्राणी आहे, पॉलिप नावाचे बारीक बारीक जीव एकमेकांना चिकटून वसाहत करतात आणि त्यांच्या पेशींमध्ये एकपेशी शेवाळ भाडेकरूसारखं राहतं, उन्हावर साखर बनवतं, आणि भाडं एवढं तगडं की कोरलला लागणाऱ्या ऊर्जेतला ९० टक्क्यांपर्यंत वाटा तेच भरतं. देणगी घेणाऱ्या संस्थांचे कोरल-नर्सरीवाले मोडून पडलेले तुकडे गोळा करून पाण्यात दोऱ्यांवर नाहीतर पाइपच्या सांगाड्यावर टांगतात, ते मोठे झाले की खडकावर चिकटवतात. यात तुकडा फुकटच असतो हो, खर्च होतो तो बोट, डिझेल, डायव्हर यांच्यावर, आणि नंतर पुन्हा पुन्हा खाली जाऊन नको ते शेवाळ ब्रशने घासणं, किती जगली ते मोजणं यावर. लावलं, फोटो काढला, निघाले, असं असेल तर पैसे पाण्यात, आणि हे मी विनोदाने म्हणत नाहीये.

पण देणगीने पाणी थंड होत नाही. सगळ्यात गरम महिन्याच्या नेहमीच्या सरासरीपेक्षा पाणी १ डिग्रीने जरी वर गेलं आणि काही आठवडे तसंच राहिलं तरी पेशींमधलं ते भाडेकरू शेवाळ बाहेर पडतं, कोरल पांढरं पडतं आणि उपाशी मरू शकतं. २०२३च्या जुलैमध्ये फ्लोरिडात हेच झालं, कोरल रिस्टोरेशन फाउंडेशन या कोरल लावणाऱ्या संस्थेची माणसं सॉम्ब्रेरो रीफवर गेली तर तिथलं सगळं कोरल मेलेलं. मग नर्सरीतली कोरल धावपळ करून जमिनीवरच्या टाक्यांत हलवली, म्हणजे निदान बियाणं तरी वाचलं, आणि असल्या वेळी हाताशी पैसा लागतोच. म्हणून माझं मत, द्या, पण 'हे माझं कोरल' या हट्टाशिवाय द्या, संस्थेला गरज असेल तिथे वापरू द्या.

आणि बडोद्याला समुद्र कुठे म्हणू नका, द्वारकेकडचं ओखामंडळ गायकवाडांच्या बडोदा राज्यातच होतं. बडोदा सरकारने जेम्स हॉर्नेल नावाच्या शास्त्रज्ञाकडून तिथल्या समुद्री जीवांची पाहणी करून घेतली आणि त्या अहवालाचा पहिला भाग १९०९ मध्ये छापला, सयाजीरावांचा कारभार तो! त्याच ओखामंडळातल्या मिठापूरला वन खातं आणि वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया यांनी रीफवर काम केलंय, २०२० मध्ये तिथे लोखंडी सांगाड्यातून अगदी कमी दाबाची वीज सोडून त्यावर पाण्यातले क्षार जमवायचा आणि कोरल वाढवायचा प्रयोगही झाला. कच्छच्या आखातातलं कोरल काही रंगीत पोस्टरसारखं नाही, गाळ भरपूर, जास्त करून गोळ्यांसारख्या जाती, त्यामुळे कोणी सर्टिफिकेटवर छापत नसावं, पण एवढ्या गढूळ पाण्यात टिकून राहतं म्हणूनच मला ते जास्त भारी वाटतं.

देण्याआधी एकच विचारा, मागच्या वर्षी लावलेल्यातली किती जिवंत आहेत? मेलेल्यांचा आकडाही बेधडक सांगतात त्यांना द्यायला हरकत नाही. आणि देणगीवर आयकरात सवलत मिळवायला पावती (जिला ८०जीची म्हणतात) हवी असेल तर ती आपल्याकडे नोंदणी झालेल्या संस्थेचीच चालते, आत्याच्या अमेरिकेवाल्या सर्टिफिकेटवर सीए काही करू शकणार नाही.