खायचा सोडा आणि बेकिंग पावडर : तीन रंगांच्या केकमध्ये कुठे काय घालायचं

गणपतीला चाकरमानी गावी आले, नाताळला वसईत गोतावळा जमला किंवा मे महिन्यात नातवंडांनी घर भरलं, की बिनअंड्याचा तीन रंगांचा केक करायला सोपा पडतो. हिरवा रंग पालकाचा, गुलाबी बीट आणि कोकमाचा, पिवळा आंब्याच्या रसाचा. क्रीम नको, सजावट नको. कापला की रंगच दिसतात. तरीही हा केक बिघडतो, आणि बहुतेक वेळा एकाच कारणाने. फळीवरच्या दोन डब्यांत सारखीच दिसणारी पांढरी पूड असते, एकात खायचा सोडा आणि दुसऱ्यात बेकिंग पावडर. साध्या केकमध्ये यांची अदलाबदल झाली तर चव बिघडते. रंगीत केकमध्ये चवीसोबत रंगही जातो.

दुकानात खायचा सोडा, खाण्याचा सोडा, कुकिंग सोडा, मिठा सोडा आणि बेकिंग सोडा अशी पाच नावं ऐकू येतात. वस्तू एकच, सोडियम बायकार्बोनेट. धुण्याचा सोडा वेगळा, तो खायचा नाही. पापडखारही वेगळा, तो केकमध्ये चालत नाही. बेकिंग पावडर हे मिश्रण असतं. तिच्यात हाच सोडा असतो, सोबत एक किंवा दोन कोरडी आम्लं आणि दोघांना एकमेकांपासून कोरडं ठेवणारा मक्याचा स्टार्च. डब्यावरचं नाव पुसलं गेलं असेल तर पाकिटामागची घटकांची यादी वाचा. नुसतं आयएनएस 500(ii) (खाण्यात घालायच्या घटकांना दिलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक) असेल तर तो सोडा. त्याच्याबरोबर 341(i), 450(i) किंवा 521 असे कोरड्या आम्लांचे आकडे आणि स्टार्च असेल तर ती बेकिंग पावडर.

सुट्टी पूड बरणीत ओतून ठेवलेली असेल तर जिभेवर कणभर ठेवूनही थोडा अंदाज येतो, सोडा ठसठशीत खारट आणि साबणासारखा लागतो. पण खात्रीची परीक्षा पाण्याची आहे. साध्या गार पाण्यात सोडा टाकला तर तो गुपचूप विरघळतो. बेकिंग पावडर त्याच पाण्यात लगेच फसफसते, कारण आम्ल तिच्या पोटातच आहे आणि ते फक्त ओल लागण्याची वाट बघत असतं.

दोघांच्या वागण्यातला सगळा फरक इथूनच सुरू होतो. सोड्याला बाहेरून आंबट काहीतरी लागतं : दही, ताक, लिंबू, कोकम. आंबट मिळालं की त्याच क्षणी कार्बन डायऑक्साइड सुटायला लागतो. आंबट नसेल तर सोडा ओव्हनच्या उष्णतेने फुटतो, केक फुगतोही, पण मागे धुण्याच्या सोड्याचंच रसायन उरतं. साबणाची चव, तपकिरी रंग आणि घशाशी येणारा खार ही त्याची खूण. बेकिंग पावडरला बाहेरचं आंबट लागत नाही. बाजारात मिळणारी बहुतेक पावडर दोनदा काम करते, थोडा वायू ओल लागताच सोडते आणि बराचसा भट्टीत तापल्यावर. 1843 साली बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याने बेकिंग पावडरचं एक सुरुवातीचं मिश्रण तयार केलं, ते यीस्ट सोसत नसलेल्या बायकोला भाकरी-पाव खाता यावा म्हणून. बिनअंड्याचा केक करणाऱ्या आपल्या घरांत तीच पूड पुढे इतकी रुळली.

ताकदीतही मोठा फरक आहे. सोडा पावडरच्या तीन ते चारपट जोरदार असतो. 125 ग्रॅम मैद्याला, म्हणजे एक कपाला, बेकिंग पावडर सपाट 1 ते 1¼ चमचा लागते आणि सोडा फक्त ¼ चमचा. त्या ¼ चमच्याला सुमारे अर्धा कप दही किंवा दीड चमचा लिंबाचा रस हवा. (इथे चमचा म्हणजे चहाचा, 5 मिलीचा, आणि सुरीने सपाट केलेला. शीग लावून घेतलेला चमचा जवळपास दीडपट भरतो.)

आता रंगांकडे वळू. केकच्या कृतींत हा भाग सहसा येत नाही, आणि तो कळल्याशिवाय कोणती पूड कुठे घालायची हे ठरत नाही.

हळदीत चुना कालवला की कुंकू होतं, हे कोकणात कोणाला सांगायला नको. हळदीचा डाग पडलेल्या कपड्याला साबण लावला की तो लाल होतो, त्यामागचं कारणही तेच : हळदीतलं रंगद्रव्य अल्कलीत, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाच्या पदार्थात, लाल-तपकिरी होतं. सोडा हा अल्कली. म्हणून पिवळा रंग गडद करायला केकमध्ये हळद घातली आणि सोबत सोडा पडला, तर पिवळ्यावर विटकरी ठिपके उठतात. आंब्याचा पिवळा मात्र गाजरातल्यासारख्या रंगद्रव्याचा आहे. त्याला आंबट आणि खार दोन्ही सारखेच, शिवाय तो उष्णतेतही टिकतो. आंब्याच्या भांड्यात हळद घालू नका, तिची गरजच नाही.

बीट याच्या अगदी उलट. बिटाचा रंग आंबटात गुलाबी राहतो. अल्कलीत तो पिवळट-तपकिरी होतो आणि फार तापला तरी उतरतो. कोकमाचा लाल आंबटात लाल, साध्या पाण्यात जांभळट आणि सोड्यात निळसर-राखाडी होतो. म्हणजे गुलाबी थराचा खरा शत्रू खायचा सोडा आहे. या थरात सोडा अजिबात घालायचा नाही, चिमूटभरही नाही. उलट आंबट थोडं वाढवायचं. दोन मोठे चमचे बिटाच्या रसात एक मोठा चमचा अमृत कोकम घातलं, तर रंग बीट देतं आणि तो रंग धरून ठेवणारं आंबट कोकम पुरवतं. इथे आणखी एक गल्लत होते. आगळ आणि अमृत कोकम दोन्ही बाटल्या लालच दिसतात, पण आगळात मीठ असतं आणि अमृत कोकमात साखर. केकसाठी अमृत कोकम घ्यायचं, तेही जिऱ्याशिवायचं. नसेलच तर एक चमचा लिंबाचा रस पुरे.

पालकाचा हिरवा तिसऱ्याच दिशेला जातो. आंबटात तो शेवाळी होतो, चिंच किंवा आमसूल घातल्यावर पालेभाजीचा रंग जातो तसा. किंचित अल्कली मिळाली तर हिरवा टवटवीत राहतो. भाजी उकडताना पाण्यात चिमूटभर सोडा टाकायची सवय त्यातूनच आली आहे.

एका केकमध्ये तीन रंग आहेत आणि तिघांच्या मागण्या तीन. म्हणून पायाला, म्हणजे तिन्ही रंगांच्या सामाईक पिठाला, बेकिंग पावडर, हिरव्यात आणि आंब्यात मोजून सोडा, आणि गुलाबीत फक्त जास्तीची पावडर, अशी वाटणी योग्य ठरते. पायाला नुसता सोडा घेऊ नये याला रंगापलीकडेही कारण आहे. दह्यात सोडा पडला की घड्याळ सुरू होतं. एका रंगाचा केक असेल तर मिश्रण डब्यात ओतून दोन मिनिटांत आत जातं. इथे तीन भांडी कालवायची, थर लावायचे, त्यात दहा मिनिटं सहज जातात. तोवर सोड्याचा बराच वायू वाया गेलेला असतो आणि पहिलं भांडं बसलेलं असतं. दुहेरी काम करणारी पावडर तेवढा वेळ थांबते.

प्रमाण असं. 20 सेंटिमीटर व्यासाचा गोल डबा, किमान 6 सेंटिमीटर उंच. बारा ते पंधरा तुकडे पडतात. कोरड्यात मैदा 250 ग्रॅम, बेकिंग पावडर 1½ चमचा आणि मीठ ¼ चमचा. ओल्यात ताजं, बेताचं आंबट दही 200 ग्रॅम, पिठीसाखर 200 ग्रॅम आणि वास नसलेलं तेल 120 मिली. रंगांसाठी आंब्याचा रस 4 मोठे चमचे, बीट-कोकम 3 मोठे चमचे आणि पालकाचं वाटण 3 मोठे चमचे. घरी आटवलेला रस असेल तर तो 2 मोठे चमचे घ्या आणि तेवढंच दूध मिसळा, नाहीतर तो थर घट्ट होऊन वर तडकतो. पालकाची आठ-दहा पानं उकळत्या पाण्यात एक मिनिट, लगेच गार पाण्यात, मग पिळून बारीक वाटायची. या थराला थोडी वेलची पूड हवीच, तिने पालकाचा कच्चा वास झाकतो. आंब्याला केशर-वेलचीची गरज नाही.

कोरडं साहित्य तीनदा चाळा. ही पायरी गाळू नका. सोड्याची किंवा पावडरची एक गुठळी राहिली तर केकमध्ये तिथेच तपकिरी, कडू ठिपका दिसतो आणि फिकट थरात तो फारच उठून दिसतो. दही, साखर, तेल एकजीव होईपर्यंत फेटा. मग हे ओलं मिश्रण तीन भांड्यांत वाटा, प्रत्येकी सुमारे 170 ग्रॅम, आणि मैदा पडण्याआधीच रंग मिसळा. बरेच जण पूर्ण पीठ तयार करून मग रंगासाठी वाटतात. त्यात मैदा दोनदा ढवळला जातो, चिवटपणा येतो आणि केकमध्ये लांबट भोकं पडतात. ओल्यात रंग आधी मिसळला तर मैदा एकदाच, हलक्या हाताने कालवावा लागतो.

डब्याला तेलाचा हात लावून तळाला कागद घालून ठेवा, ओव्हन 170 अंशांवर तापू द्या. हे झाल्यावरच कोरडं मिश्रण तीन सारखे भाग करून, प्रत्येकी साधारण 85 ग्रॅम, भांड्यांत घाला. हिरव्यात आणि आंब्याच्या भांड्यात प्रत्येकी 1/8 चमचा सोडा, म्हणजे पाव चमच्याचा निम्मा. प्रत्येक भांड्यातल्या दह्याचा आंबटपणा एवढ्याने जवळपास मोडतो. गुलाबीत सोड्याऐवजी ¼ चमचा जास्तीची बेकिंग पावडर, म्हणजे तो थर इतरांपेक्षा बसका राहणार नाही. पूड त्या भागाच्या कोरड्या मैद्यातच मिसळून घाला, ओल्यावर शिंपडू नका. आधी गुलाबी, मग हिरवा, शेवटी आंबा असं कालवा. मैदा दिसेनासा झाला की थांबा. पीठ इडलीच्या पिठापेक्षा जरा घट्ट, चमच्यातून जड पडणारं हवं.

थरांचा क्रमही ठरलेला आहे. तळाला हिरवा, मध्ये गुलाबी, वर पिवळा. बिटाचा रंग उष्णतेला सगळ्यात हळवा, म्हणून तो डब्याच्या तळापासून आणि वरच्या पापुद्र्यापासून दूर ठेवायचा. आंबा वर आला की त्याचा सोनेरी पापुद्रा छानच दिसतो. प्रत्येक थर चमच्याने थेंब-थेंब ठेवून मग पसरवा. उंचावरून ओतला तर खालच्या थरात घुसतो. वर टूटीफ्रूटी टाकायची असेल तर आधी ती एक चमचा मैद्यात घोळवा. आपल्याकडे स्वस्त मिळणारी लाल ‘चेरी’ बहुतेक वेळा पाकात मुरवलेलं करवंदच असतं. तीही चालते, पण आधी कागदावर टिपून कोरडी करा, नाहीतर पिवळ्यावर लाल ओघळ येतात.

ओव्हनमध्ये 170 अंशांवर 45 ते 50 मिनिटं. ओव्हन नसेल तर जाड बुडाचा टोप घ्या, तळाला बोटभर मीठ, त्यावर तिवई, घट्ट झाकण. दहा मिनिटं मध्यम आचेवर तापवून डबा ठेवा आणि मंद आचेवर 55 ते 65 मिनिटं. टोपात वरून उष्णता कमी लागते, त्यामुळे वरचा थर फिकट राहतो, पण रंग उलट जास्त स्वच्छ दिसतात. झाकणाला आतून फडकं बांधा, म्हणजे वाफेचं पाणी केकवर ठिबकणार नाही. पहिला अर्धा तास झाकण उघडायचं नाही. पूर्ण गार झाल्यावरच कापा; गरम केकमध्ये सुरी घातली की रंग एकमेकांत फासले जातात.

बिघडलेला केक काय बिघडलं ते स्वतःच सांगतो. भराभर फुगून मध्ये खड्डा पडला, मोठी जाळी आणि साबणाची चव असेल तर पावडरच्या मापाने सोडा पडला आहे. दीड चमचा सोडा म्हणजे गरजेच्या तिप्पट-चौपट. घट्ट, आंबूस आणि बसका असेल तर सोड्याच्या मापाने पावडर पडली किंवा पावडर मेलेली, म्हणजे जोर गेलेली होती. गुलाबी तपकिरी झाला तर त्यात सोडा शिरला आहे, बहुतेक वेळा तोच चमचा न पुसता वापरल्यामुळे. हिरवा शेवाळी झाला तर त्याचा सोडा राहून गेला किंवा दही फार आंबट होतं. चव चांगली असूनही नुसता मध्येच खड्डा पडला तर झाकण लवकर उघडलं असेल. वर डोंगर होऊन तडा गेला तर आच जास्त होती.

मेलेली पावडर ही किनाऱ्यावरची नेहमीची अडचण आहे. पावसाळ्यात हवेतली ओल डब्यात शिरते, आतलं आम्ल आणि सोडा डब्यातच एकमेकांना भेटतात आणि वायू हळूहळू निघून जातो. गणपतीच्या केकला मे महिन्यात उघडलेली पावडर वापरायची असेल तर आधी परीक्षा घ्या : पाव कप कडकडीत गरम पाण्यात अर्धा चमचा टाका, जोरात फसफसून फेस वर आला तर ठीक, नुसते चार बुडबुडे आले तर फेकून द्या. सोड्यासाठी गरम पाणी उपयोगाचं नाही, त्यावर लिंबू पिळा. सोडा ओलीने गुठळी धरतो, पण ताकद सहसा टिकवतो. गुठळ्या चाळून घेतल्या की पुरतं. पावडर लहान पाकिटातच आणा, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत कोरडा चमचा घालून ठेवा आणि फ्रीजमध्ये ठेवू नका. बाहेर काढताना गार बरणीवर पाणी धरतं आणि तेच आत जातं.

ऐनवेळी पावडर मेलेली निघाली आणि घरात फक्त सोडा असेल, तर सोडा 1 भाग, क्रीम ऑफ टार्टर (कोरड्या आम्लाची पूड) 2 भाग आणि कॉर्नफ्लोअर 1 भाग मिसळून कामापुरती पावडर करता येते. ती फक्त ओल लागताच काम करते, म्हणून थर भराभर लावावे लागतात. फ्रूट सॉल्ट वापरायचं मनात येईल. त्यात सोड्याबरोबर सायट्रिक आम्ल असतं आणि त्याचा सगळा जोर पहिल्या मिनिटातच निघून जातो. ढोकळ्याला ते ठीक आहे, तीन भांड्यांच्या केकला नाही. क्रीम ऑफ टार्टरही नसेल तर तीन रंगांचा हट्ट सोडावा आणि दही, ½ चमचा सोडा आणि आंब्याचा रस घेऊन एकाच पिवळ्या रंगाचा केक करावा. आंब्याचा रंग सोड्याला घाबरत नाही.