फ्रेंच स्मृतिपदकाचा मूळशोध

राज्याभिषेक, युद्धातील विजय, प्रदर्शन किंवा थोर व्यक्ती यांच्या स्मरणार्थ फ्रान्समध्ये पाडलेले जुने पदक कोणी कोरले, कोणत्या टांकसाळीत पाडले आणि केव्हा पाडले, हे ठरवण्याची नाणेशास्त्रातील पद्धत. यांतला ‘केव्हा’ सर्वांत अवघड. पदकावर कोरलेले साल घटनेचे असते. पदक त्याच साली पाडले असेल असे नाही. सेन नदीकाठच्या पॅरिसच्या टांकसाळीने जुने ठसे जपून ठेवले आणि मागणीप्रमाणे त्यांवरून पुढे कित्येक दशके पदके पाडली. ती बनावट नव्हेत, पण घटनेच्या काळातलीही नव्हेत.

म्हणून पदक हाती आले की चेहऱ्याआधी कड पाहावी. १८३२ पासून या टांकसाळीने कडेवर बारीक चिन्ह उमटवायला सुरुवात केली: १८४१ पर्यंत पुराणकालीन दिवा, मग थोडा काळ जहाजाचा नांगर, १८४२ ते १८४५ गलबताची नाळ म्हणजे पुढचे टोक, १८६० पर्यंत बोट दाखवणारा हात, १८७९ पर्यंत मधमाशी आणि १८८० पासून फळाफुलांनी भरलेले शिंग. चिन्हाशेजारी बहुधा धातूचे नावही असते.

नेपोलियनच्या राज्याभिषेकाचे पदक घ्या. एका बाजूला सम्राटाचे मस्तक, दुसऱ्या बाजूला ढालीवर उचलून धरलेला नेपोलियन, भोवती ‘सिनेट आणि जनता’ या अर्थाचा फ्रेंच मजकूर आणि खाली ‘वर्ष १३’. हे वर्ष फ्रेंच राज्यक्रांतीच्या पंचांगातले आहे. त्याची कालगणना २२ सप्टेंबर १७९२ पासून धरतात आणि राज्याभिषेक झाला २ डिसेंबर १८०४ रोजी. आता पदक उभे धरून भिंगाखाली हळूहळू फिरवावे. कडेवर इवलीशी मधमाशी आणि ‘तांबे’ या अर्थाचा फ्रेंच शब्द दिसला, तर ते पदक पाडले गेले १८६० नंतर, म्हणजे राज्याभिषेकाला अर्धशतक उलटून गेल्यावर. मधमाशी हे नेपोलियनचेही एक राजचिन्ह असल्याने नवखा इथे हमखास फसतो.

कड कोरी असेल तर पदक १८३२ पूर्वीचे असण्याचा संभव आहे, खात्री मात्र नाही. खासगी कारखान्यातल्या पदकावर हे चिन्ह नसते आणि लबाड विक्रेता ते कानशीने घासूनही टाकतो. घासलेली जागा बोटाला सपाट लागते, तिथला रंगही उजळ असतो.

कोरक्याची सही बहुधा मस्तकाची मान जिथे कापलेली दिसते त्याखाली किंवा चित्राच्या तळाशी असलेल्या रेषेजवळ सापडते. नेपोलियनकालीन पदकांवर आंद्रियूसारख्या कोरक्याच्या नावासोबत देनोंचेही नाव असते. देनोंनी ते कोरले नव्हते. पदकांचे काम त्यांच्या देखरेखीखाली चाले.

ओतीव नक्कल ओळखायला चांगला वजनकाटा आणि मोजपट्टी लागते. धातू थंड होताना आकसतो, त्यामुळे नक्कल अस्सल पदकापेक्षा किंचित लहान भरते. अक्षरांच्या कडा बोथट असतात आणि सपाट भागावर हवेच्या बुडबुड्यांची बारीक छिद्रे राहतात. उलट, ठशाला तडा गेला असेल तर पदकावर उंचवट्याची बारीक रेघ येते आणि ठसा वापरात राहील तशी ती वाढत जाते. एकाच ठशाची दोन पदके शेजारी ठेवली, तर आधीचे कोणते हे ती रेघच सांगते.