भुकेचा हिवाळा: डच रेल्वे संप आणि १९४४-४५ची उपासमार

नेदरलँड्सच्या पश्चिम भागात १९४४-४५मध्ये जी उपासमार झाली तिला डच भाषेत ‘होंगरविंटर’, म्हणजे भुकेचा हिवाळा, असे नाव आहे. मराठीत तिचा उल्लेख ‘डच दुष्काळ’ असा केला की गोंधळ सुरू होतो. दुष्काळ म्हटल्यावर आपल्यापुढे करपलेले शेत, आटलेली विहीर आणि चारा छावणी उभी राहते. यांतले काहीही तेथे नव्हते. फ्रीसलंड आणि ग्रोनिंगेन या ईशान्येकडील प्रांतांत बटाटे, राय हे धान्य आणि दूध मिळत होते, आणि त्याच काळात ॲमस्टरडॅम, हेग व रॉटरडॅम या शहरांत माणसे भुकेने मरत होती. त्यामुळे ही पार्श्वभूमी सांगायची तर पिकापाण्यापासून नव्हे, वाहतुकीपासून सुरुवात करावी लागते.

मे १९४०मध्ये देश जर्मनांच्या ताब्यात गेला, तरी पुढची चार वर्षे लोकांना पोटापुरते मिळत होते. युद्धकाळातील अन्नपुरवठ्यासाठी १९३७मध्येच एक सरकारी कार्यालय स्थापन झाले होते. त्याने शिधावाटपाची यंत्रणा आधीच उभी केली होती, आणि कुरणे नांगरून तेथे बटाटे व धान्य घेण्याचा, म्हणजेच जनावरांमार्फत न जाता जमिनीतून थेट माणसाचे अन्न काढण्याचा, आराखडाही तयार ठेवला होता. आहार नीरस झाला, मांस व लोणी कमी झाले, काळाबाजार फोफावला. परंतु १९४४च्या उन्हाळ्यापर्यंत सर्वसाधारण माणूस उपाशी झोपत नव्हता. या कार्यालयाचे श्रेय नंतरच्या कथनांत फारसे येत नाही, कारण देश बळकावलेल्या जर्मनांच्या हाताखाली काम करणाऱ्या अधिकाऱ्यांची स्तुती करणे युद्धानंतर कोणालाच सोयीचे नव्हते.

१७ सप्टेंबर १९४४ रोजी मित्रराष्ट्रांचे छत्रीधारी सैनिक देशाच्या पूर्वेकडील आर्नेम शहराच्या परिसरात उतरले. त्याच संध्याकाळी लंडनमधील निर्वासित डच सरकारने, मित्रराष्ट्रांच्या मुख्यालयाच्या विनंतीवरून, रेडिओद्वारे रेल्वे संपाचा आदेश दिला. त्यासाठीचा सांकेतिक निरोप ‘फर्स्तेखच्या मुलांनी पांघरुणात शिरावे’ असा होता. सुमारे ३०,००० रेल्वे कर्मचारी कामावरून निघून गेले आणि त्यांतले बहुतेक खरोखरच भूमिगत झाले. जर्मन कुमक आर्नेमपर्यंत पोहोचू नये, हा उद्देश होता. संप काही दिवसांचा असेल, फार तर दोन आठवड्यांचा, अशी सर्वांची समजूत होती, कारण तोवर देश मुक्त झालेला असेल असे गृहीत होते.

आर्नेमची मोहीम आठवडाभरात फसली. संप मात्र उठला नाही. तो मे १९४५पर्यंत चालू राहिला. जर्मनांनी स्वतःचे काही हजार रेल्वे कर्मचारी आणले आणि लष्करी गाड्या पुन्हा सुरू केल्या, म्हणजे संपाचा लष्करी उपयोग काही आठवड्यांतच ओसरला. उलट, संपाचा सूड म्हणून जर्मन प्रशासनाने पश्चिमेकडे जाणारी अन्नवाहतूक बंद केली, आणि ही बंदी रेल्वेपुरती न ठेवता कालव्यांतील बोटींनाही लागू केली. नोव्हेंबरच्या आरंभी जलमार्गावरील बंदी सैल करण्यात आली, परंतु मधले सहा आठवडे नेमके असे होते की ज्यांत शहरांसाठी हिवाळ्याचे बटाटे भरून ठेवायचे असतात. त्यानंतर बोटी सापडेनात, कारण अनेक बोटी जर्मनांनी जप्त केल्या होत्या आणि उरलेल्यांचे मालक जप्तीच्या भीतीने त्या दडवून बसले होते, इंधनही नव्हते. डिसेंबरच्या अखेरीस कडाक्याची थंडी पडली, कालवे गोठले आणि जानेवारीत जलवाहतूक जवळजवळ थांबली.

या साऱ्यात संपाचा वाटा किती, हा वाद ऐंशी वर्षांनंतरही मिटलेला नाही. संपाच्या बाजूने बोलणारे सांगतात की अन्नाची बहुतेक वाहतूक एरवीही बोटींनीच होत असे, बंदी जर्मनांनी घातली, बोटी जर्मनांनी पळवल्या, आणि लिम्बुर्ग प्रांतातील कोळसा खाणी मित्रराष्ट्रांनी मुक्त केलेल्या दक्षिण भागात गेल्यामुळे उत्तरेतील वीज व गॅस तसेही बंद पडणारच होते. हे सर्व खरे आहे. तथापि लंडनने संप का मागे घेतला नाही, या प्रश्नाला त्यातून उत्तर मिळत नाही. संपकरी कामावर परतले असते तर पकडले गेले असते, ही भीती रास्त होती. संप मागे घेणे म्हणजे शत्रूपुढे मान तुकवणे, हा प्रतिष्ठेचा विचारही होता. संप थांबला तर अन्न सोडू, असे जर्मन सांगत होते. तसे आवाहन करण्यास देशातील वरिष्ठ डच अधिकाऱ्यांनी नकार दिला. तरीही, ज्यांच्या ताटातून घास जाणार होता त्या शहरांना विचारण्याची सोय नसताना, समुद्रापलीकडे सुरक्षित बसलेल्या सरकारने हा निर्णय आठ महिने तसाच चालू ठेवला, हे प्रस्तुत लेखकाला सहज ओलांडून जाण्यासारखे वाटत नाही.

आणखी एक गोष्ट या संपाला चिकटून आहे. १९४२पासून वेस्टरबोर्क या डच संक्रमण छावणीकडे आणि तेथून जर्मन सीमेपर्यंत ज्यूंना घेऊन जाणाऱ्या गाड्या याच रेल्वेने चालवल्या होत्या. एक लाखाहून अधिक माणसे त्या मार्गाने गेली. वेस्टरबोर्कहून ऑशवित्झ या मृत्युछावणीकडे शेवटची गाडी ३ सप्टेंबर १९४४ रोजी निघाली. संप पुकारला गेला त्यानंतर दोन आठवड्यांनी.

शहरांतील शिधा नोव्हेंबरच्या अखेरीस दिवसाला १,००० कॅलरींच्या खाली गेला आणि पुढे कित्येक आठवडे त्याच्या निम्म्यावर राहिला. साखरेसाठी लावलेले बीट किसून, उकडून खाल्ले जात असे. त्याची गोडी घशाला चरचरत असे. ट्यूलिपचे कंद सोलून, मधला कोवळा, बाधणारा कोंब काढून टाकून शिजवत. सरकारी सूपकेंद्रांपुढे डबे घेऊन रांगा लागत. सरपणासाठी ट्रामच्या रुळांमधले लाकडी ठोकळे उखडले गेले, आणि ॲमस्टरडॅमच्या ज्यू वस्तीतील रिकाम्या घरांतील जिने, दारे, तुळया इतक्या काढल्या गेल्या की काही घरे कोसळली. बायका टायर नसलेल्या सायकलींवर चादरी, घड्याळे, दागिने बांधून आयसेल नदीपलीकडच्या शेतांवर जात आणि त्यांच्या बदल्यात बटाट्याची पिशवी आणत. परतीच्या वाटेवर तीही तपासणी नाक्यावर जप्त होऊ शके. सुमारे ४०,००० मुलांना ग्रामीण भागातील कुटुंबांकडे पाठवण्यात आले. शवपेट्या मिळेनाशा झाल्या, जमीन गोठल्याने पुरणे लांबले, आणि ॲमस्टरडॅमच्या झाउडरकेर्क चर्चमध्ये प्रेते ठेवावी लागली. मृतांचा आकडा बहुधा २०,०००च्या आसपास धरला जातो, त्यांत वृद्धांचा भरणा अधिक होता.

मदतीच्या आठवणींतही एक गुंता आहे. विमानांनी आकाशातून पांढरा पाव टाकला, असे अनेक वृद्ध डच माणसे सांगत असत. वास्तविक तो पाव स्वीडनहून जानेवारीच्या अखेरीस डेल्फझाइल बंदरात आलेल्या पिठापासून भाजलेला होता आणि तो फेब्रुवारीच्या अखेरपासून शिध्याच्या दुकानांतून, मार्गारिन या कृत्रिम लोण्यासह, वाटला गेला. विमानांतून अन्न आले ते २९ एप्रिल ते ८ मे १९४५ या दिवसांत, ब्रिटिश व अमेरिकी बाँबफेकी विमानांमधून, जर्मनांशी झालेल्या समझोत्यानंतर. त्यात ११,००० टनांहून अधिक डबाबंद पदार्थ, पीठ, अंड्याची भुकटी असे साहित्य होते. पांढऱ्या पावाची चव आणि छपरांवरून जाणाऱ्या विमानांचा आवाज या दोन गोष्टी स्मृतीत एकत्र झाल्या.

जगभरात या हिवाळ्याचे नाव आज टिकून आहे ते मात्र वैद्यकामुळे. उपासमारीला नेमका आरंभ आणि नेमका शेवट होता, जन्माच्या नोंदी शाबूत होत्या आणि शिध्याचे आकडे आठवड्यागणिक उपलब्ध होते. असा योग संशोधकांना सहसा लाभत नाही. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत उपासमार सोसलेल्या मातांची बाळे कमी वजनाची जन्मली, हे लवकर दिसून आले. सैन्यभरतीसाठी आलेल्या एकोणीस वर्षांच्या तरुणांच्या नोंदींवरून १९७६मध्ये निघालेला निष्कर्ष मात्र अनपेक्षित होता: गर्भावस्थेच्या पूर्वार्धात उपासमार घडलेल्यांमध्ये लठ्ठपणा अधिक होता. गव्हाने काही मुलांच्या आतड्यांना अपाय होतो, हा हेगमधील एका बालरोगतज्ज्ञाचा संशय तीसच्या दशकापासूनचा होता. या हिवाळ्यातील पावाच्या टंचाईने त्याला बळ मिळाले, आणि १९५०मध्ये तो प्रबंधरूपाने पुढे आला.

रेल्वेच्या वाट्याला युद्धानंतर संपाचे शौर्य प्रथम आले. वेस्टरबोर्कच्या गाड्यांबद्दल तिने जाहीर माफी मागितली ती २००५मध्ये, आणि वाचलेल्यांना व मृतांच्या वारसांना भरपाई देण्याचे ठरले ते २०१८मध्ये.